दादांचा निरोप

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही आणि ऐकलेलं तर नाहीच, कारण माझं काम सुरू झालं की ऐकू येणं बंद होतं. मी रेडिओ केंद्रातल्या एका टेबलावरचं जुनं खोकल्याचं बटण आहे. बोलणाऱ्याला खोकला आला, शिंक आली, घोटभर पाणी प्यायचं झालं, की त्याने मला दाबायचं. दाबून धरलं आहे तोवर माइक बंद. बोट उचललं की माइक सुरू. एवढंच माझं शिक्षण आणि एवढीच माझी अक्कल.

व्याकरणाच्या तासाला तुम्ही 'ते बटण' असं शिकला असाल. बरोबर आहे. पण मी तुमच्याशी 'मी होतो, मी गेलो' असं बोलणार आहे आणि त्याला कारण आहे. पुढे मला लोक 'दादा' म्हणायला लागले. एकदा दादा झाल्यावर परत 'ते' होणं फार जिवावर येतं.

माझा जन्म पत्र्याच्या शेडमधल्या एका लहानशा कारखान्यात झाला. पोटात स्प्रिंग आणि डोक्यावर लाल टोपी, हाच माझा सगळा ऐवज. माझ्याबरोबर त्याच खोक्यात असलेली भावंडं कुठे कुठे गेली. कुणी लिफ्टला लागलं, कुणी दारावरच्या घंटेला, कुणी गिरणीच्या भोंग्याला. त्यांना दाबलं की काहीतरी सुरू होतं, माणसं धावत येतात. मला दाबलं की चालू असलेलं थांबतं. याचं मला पहिल्यापासून वाईट वाटायचं, आणि खोटं कशाला बोलू, अजूनही वाटतं.

मी ज्या रेडिओ केंद्रात आलो तिथे गाणी नव्हती, नुसतं बोलणं होतं. दिवसभर बातम्या, चर्चा, तब्येतीचे सल्ले आणि तावातावाची भांडणं. अशी पुष्कळ केंद्रं एकाच कंपनीची होती आणि त्या सगळ्यांचं मुख्यालय दूर दुसऱ्या शहरात होतं. आमच्याकडे बातम्यांच्या खोलीत गुबगुबीत खुर्च्या होत्या आणि प्रत्येक माइकला स्वतंत्र बटण होतं. विनोदी कार्यक्रमाची खोली मात्र बोळाच्या टोकाला, लिफ्टच्या शेजारी. लिफ्ट वरखाली झाली की आमचं टेबल थरथरायचं. तिथे दोन माणसांत मिळून मी एकटा. खरेदी विभागातले गृहस्थ म्हणाले होते, "दोघं बसून दात तर काढणार आहेत. त्यांना कशाला हवीत दोन-दोन बटणं?" मग मिस्त्रीने दोन्ही माइकच्या तारा माझ्यातूनच नेल्या. त्यामुळे कुणीही मला दाबलं तरी दोघांचेही आवाज बंद व्हायचे. मित्रांनो, हा कंजूषपणा लक्षात ठेवा, माझं पुढचं सगळं आयुष्य त्यातूनच घडलं.

त्या टेबलाशी दोघं बसायची. एकाला सगळे गप्पू म्हणत. बुटका, टकला, भरदार आवाजाचा आणि घशात कायमचा खोकला घेऊन फिरणारा. दुसरी उंच, सडपातळ, स्वतःचा विनोद पुरता व्हायच्या आत स्वतःच हसून मोकळी होणारी. तिला सगळे वहिनी म्हणत. ती गप्पूची वहिनी नव्हती, कुणाचीच नव्हती. पहिल्याच दिवशी फोनवर एका श्रोत्याने "गप्पूच्या वहिनी छान बोलतात हं" असं ठोकून दिलं आणि तिने ते नातं हसत हसत पत्करलं.

"वहिनी आहेत म्हटल्यावर दादाही असणार," गप्पू म्हणाला.

"आहेत ना," वहिनी म्हणाली, "पण दाढी करतायत."

तेवढ्यात गप्पूला खोकल्याची उबळ आली. त्याने मला दाबलं. दोन्ही माइक बंद झाले आणि रेडिओवर चिडीचूप. तो पोटभर खोकला, पाणी प्यायला, बोट उचललं, आणि आता या मधल्या शांततेचं श्रोत्यांना काय सांगायचं म्हणून वहिनीकडे बघत बसला. वहिनी काही डगमगली नाही. सरळ माइकमध्ये म्हणाली, "हे आत्ता बोलले ते दादा. फार मोजकं बोलतात."

असा मी दादा झालो.

त्यानंतर गप्पूला खोकला आला की दादा बोलले असं ठरूनच गेलं. पुढे पुढे तर खोकला नसतानाही मला दाबायचे. वहिनी विचारायची, "दादा, भाज्यांचे भाव ऐकलेत का?" मग शांतता. मग वहिनी ओरडायची, "अहो, असं काय बोलता, लहान मुलं ऐकतायत!" दादा काय बोलले असतील ते ज्याने त्याने आपल्या मनाने भरून घ्यायचं. कुणाला ती शिवी वाटे, कुणाला सासूबद्दलचं मत. लोक फोन करून कळवायचे, "आज दादांनी अगदी माझ्या मनातलं सांगितलं."

एक शिंपीणबाई तर रोज फोन करायची. एकटीच राहायची, एकटीच दुकान चालवायची. तिच्या बोलण्यामागून शिवणयंत्राची टकटक ऐकू यायची. ती रोज एकच विचारायची, "दादांची दाढी झाली का हो?" आणि वहिनी रोज सांगायची, "एक गाल झालाय, दुसरा बाकी आहे." मग पलीकडची टकटक थांबायची आणि बाई हसायची. आमच्या खोलीत हसणं ऐकू येई ते एवढंच, फोनवरचं. बाकी कोण कुठे हसतंय ते कळायला मार्ग नव्हता. तरी मला पहिल्यांदाच वाटलं, आपल्याला दाबल्यावरही कुठेतरी काहीतरी सुरू होतं.

कार्यक्रमाच्या वेळेबाहेर फोन आला तर उचलायला त्या खोलीत माणूस नसे. म्हणून टेबलावर एक फोनयंत्र ठेवलं होतं. चार-दोन वेळा घंटा झाली की त्यातून वहिनीचा आवाज यायचा, "आम्ही दोघं नाही आहोत. दादा आहेत, पण ते दाढी करतायत. निरोप ठेवा." मग फोन करणारा जे बोलेल ते खोलीभर मोठ्याने ऐकू यायचं. रिकाम्या खोलीत ते निरोप ऐकणं हा माझा मोठा विरंगुळा होता.

बाहेर हे कौतुक, आणि केंद्राच्या आत या दोघांना कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. सकाळची वेळ काढून घेतली आणि ओरडाआरडीच्या चर्चेला दिली. यांना भर दुपारी टाकलं, लोक जेवून पेंगत असतात तेव्हा. गप्पूची खुर्ची मोडली, ती शेवटपर्यंत मोडकीच राहिली. तो एका बाजूला कलून बसायचा आणि श्रोत्यांना सांगायचा की आपला कल नेहमी वहिनींकडे असतो. एकदा मुख्यालयाने तयार हशा पाठवला. म्हणजे कुणा अनोळखी माणसांचं भरून ठेवलेलं हसणं. प्रत्येक विनोदानंतर तो लावायचा असा हुकूम होता.

"आमच्या श्रोत्यांना आपापलं हसता येत नाही का?" गप्पूने केंद्रप्रमुख मॅडमना विचारलं.

"वरून आलंय," मॅडम म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या. पण त्यांचं प्रत्येक उत्तर वरूनच यायचं.

गप्पूचा खोकला वाढत गेला. डॉक्टरांनी त्याला काही आठवडे तोंड बंद ठेवायला सांगितलं. तो रजा मागायला गेला तर कळलं, रजा जरूर घ्या, पण परत याल तेव्हा जागा असेलच असं नाही. बातम्या देणाऱ्याचा आवाज बसला तेव्हा त्याला पगारी रजा आणि घरपोच फुलं गेली होती. गप्पू दुसऱ्या दिवशी गरम पाण्याची बाटली घेऊन हजर झाला. त्याच्या खांद्याची जराशी हालचाल झाली की उबळ येणार हे वहिनीला कळायला लागलं, आणि त्याचं बोट पोचायच्या आत तिचं बोट माझ्यावर यायचं. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हल्ली दादा बोलके झालेत.

एका दुपारी वहिनीचे वडील रुग्णालयात होते. तिने सकाळी मॅडमना विचारलं होतं, आजच्या दिवस जाऊ का? मॅडम म्हणाल्या, "तुमच्या घरी काय चाललंय ते लोकांना काय करायचंय? त्यांना हसायचं असतं." कार्यक्रम चालू असताना तिला स्वतःच्या फोनवर कळलं की वडील गेले. तिने मला दाबलं. मी आजवर पुष्कळ बोटं सोसली, पण इतकं थंड बोट कधी लागलं नव्हतं. ती रडली, तोंडावर ओढणी दाबून, आवाज न करता. माइक बंद आहे हेही तिच्या लक्षात राहिलं नसावं. गप्पू नुसता तिच्या पाठीवर हात ठेवून बसला. मग तिने डोळे पुसले, बोट उचललं आणि म्हणाली, "आज दादा जरा हळवे झालेत हं." शिंपीणबाईचा लगेच फोन आला, "दादांना म्हणावं, चहा घ्या." बाहेरच्या जगाला त्या दिवशी एवढंच कळलं. उरलेलं मला ठाऊक होतं आणि मला सांगता येत नव्हतं.

आता शेवटच्या दिवसाचं सांगतो.

मुख्यालयातून एक साहेब आले. चकचकीत बूट, हातात चकचकीत फाइल. कंपनीने म्हणे श्रोत्यांची पाहणी केली होती, कुणाचं बोलणं सगळ्यांत जास्त आवडतं अशी. सगळ्या केंद्रांत मिळून पहिला आला होता आमचा कार्यक्रम, आणि कार्यक्रमात पहिले आले होते दादा. साहेब मोडक्या खुर्चीला टेकून उभे राहिले आणि त्यांनी या दोघांना निर्णय सांगितला.

"कार्यक्रम आम्ही मुख्यालयातून करणार, सकाळच्या वेळेला. एकट्या दादांचा. लोकांना तेच हवेत. तुम्हा दोघांचं काम आजपासून थांबतंय."

गप्पू आणि वहिनी एकमेकांकडे बघायला लागली. मित्रांनो, मला वाटलं आता ही दोघं खो खो हसतील. जन्मभर लोकांना हसवलं, पण इतका मोठा विनोद त्यांना स्वतःला कधी सुचला नव्हता. पण कुणी हसलं नाही. कार्यक्रम ज्यांनी चालवायचा त्यांनी तो एकदाही ऐकलेला नाही, हे त्या दोघांना त्या क्षणी कळलं. वहिनी काहीतरी सांगायला गेली. गप्पूने तिच्या हातावर हात ठेवला.

"ठीक आहे, साहेब," तो म्हणाला. "आज श्रोत्यांचा निरोप घेतो आणि जातो."

"छे छे, निरोपबिरोप घ्यायचा नाही," साहेब म्हणाले. "लोक चिडतात, फोन करत बसतात. रोजच्यासारखं संपवायचं. मी काचेपलीकडे उभा आहे. निरोपाची भाषा निघाली की जाहिरात लावायला सांगीन."

"इतकी वर्षं रोजच्या रोज घरात गेलोय आम्ही त्यांच्या. उठताना नुसतं 'येतो' म्हणू द्या."

"नाही म्हणजे नाही."

"बरं," गप्पू म्हणाला. "दादांना तरी बोलू द्याल ना?"

साहेबांचा चेहरा एकदम खुलला. "अलबत! भरपूर बोलू द्या. ते बोलत असताना कुणी मध्ये यायचं नाही. आणि कार्यक्रम झाल्यावर त्यांना थांबायला सांगा, मला त्यांना भेटायचंय."

काचेपलीकडे यंत्रं सांभाळणारे एक म्हातारे गृहस्थ बसायचे. सगळे त्यांना काचेतले मामा म्हणायचे. त्यांच्या शेजारी साहेब हाताची घडी घालून उभे राहिले आणि कार्यक्रम सुरू झाला. गप्पू आणि वहिनी त्या दिवशी जशी बोलली तशी मी त्यांना कधी ऐकली नव्हती. एकही वाक्य वाया नाही. शिंपीणबाईने फोन करून विचारलं, दादांची दाढी झाली का? वहिनी म्हणाली, "दुसऱ्या गालाला साबण लावलाय. आज होणार." ते ऐकून बाई हसली नाही. तिने फोन ठेवला.

शेवटची मिनिटं आली. गप्पू माइकजवळ सरकला.

"मंडळी, निरोप घ्यायचा नाही असं आम्हाला वरून सांगितलंय," तो म्हणाला. काचेपलीकडे साहेबांचा हात वर झाला. "आम्ही घेत नाही. पण आमच्या दादांचा तुम्हाला एक निरोप द्यायचा आहे. तो द्यायला काही हरकत नाही. दादा, बोला."

आणि त्याने मला दाबलं.

मित्रांनो, त्या शांततेत काय बोलणं झालं ते फक्त मला ठाऊक आहे. आधी गप्पू खोकला, आतून, अगदी पिळवटून. वहिनीने आपलं बोट त्याच्या बोटावर ठेवलं. मग बंद माइकला तोंड लावून गप्पू म्हणाला, "येतो आम्ही. तुम्ही हसायचात ते इथे ऐकू यायचं नाही. पण हसताय असं धरून चाललो. चुकलो नसू, अशी आशा आहे." वहिनी म्हणाली, "शिंपीणबाई, दादांची दाढी झाली हो. दोन्ही गाल झाले." एवढं बोलून झालं. बोटं मात्र उचलली नाहीत.

काचेपलीकडे साहेबांची धांदल उडाली. त्यांचा हात आमच्याशी बोलायच्या बटणावर पडला असावा, कारण त्यांचं बोलणं आमच्या खोलीत ऐकू यायला लागलं.

"अहो, काही ऐकूच येत नाहीये! बिघडलंय काहीतरी! जाहिरात लावा!"

"दादा बोलतायत, साहेब," मामा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. "मध्ये यायचं नाही असं आपणच म्हणालात."

वेळ संपेपर्यंत रेडिओवर दादा बोलत राहिले. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यांत मोठं भाषण होतं.

नंतर साहेब धावत आत आले. "दादा कुठे आहेत?"

वहिनीने माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब माझ्याकडे बघत राहिले. मी आपला लाल टोपी घालून बसलो होतो.

"हे बटण आहे," ते म्हणाले.

"हो. सगळ्यांत आवडतं."

"अहो, मग मघाशीच सांगायचं नाही का?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही ऐकत असाल," वहिनी म्हणाली. तिने गरम पाण्याची बाटली पिशवीत टाकली. जाता जाता गप्पूने माझी टोपी बोटाने पुसली, जसं लहान मुलाचं तोंड पुसतात, आणि ती दोघं निघून गेली. शेजारी लिफ्ट खाली गेली आणि टेबल थरथरलं.

चूक कळली म्हणून निर्णय फिरला असं समजू नका. वरून आलेलं खाली फिरत नाही. कार्यक्रम बंद झाला. त्या वेळेला मुख्यालयातून भरलेलं काहीतरी लागायला लागलं, त्यात तो तयार हशाही होता. साहेबांनी आमच्या खोलीला कुलूप लावलं. मामांना दुसऱ्या केंद्रात पाठवलं.

ती कुलूपबंद खोली आणि त्यात मी. आणि मग फोन वाजला. घंटा झाली, यंत्रातून वहिनीचा आवाज आला, "आम्ही दोघं नाही आहोत. दादा आहेत, पण ते दाढी करतायत. निरोप ठेवा." पलीकडे शिवणयंत्राची टकटक चालू होती. ती थांबली.

मग बाई म्हणाली, "दादा, निरोप पोचला."

त्यानंतर दुसरा फोन. एक पुरुषाचा आवाज, "पोचला बरं का, दादा." मग एक आजोबा, मग शाळेतल्या मुली, एका फोनवर चौघी-पाचजणी. कुणी रडत होतं, कुणी हसत होतं, आणि सगळी एकच सांगत होती. यंत्र भरेपर्यंत फोन येत राहिले. पुढे कुणीतरी येऊन यंत्राची तार काढली आणि ते घेऊन गेलं. त्यातलं एक अक्षरही कुणी ऐकलं नाही.

तेव्हापासून मी इथेच आहे. कंपनीला दादा हवे होते, ते तिच्याजवळ राहिले. माझी स्प्रिंग अजून ठणठणीत आहे, पण या खोलीत खोकायला माणूस नाही. टोपीवर धूळ साचली आहे. शांततेचं मला नवल नाही, मी तीच करत आलो. पण पूर्वीच्या शांततेत कुणाचं तरी बोट असायचं.

मला एकच गोष्ट टोचते. ती दोघं आपण बंद माइकशी बोललो असं समजून गेली. त्यांचं बोलणं पोचलं की नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. मला माहीत आहे, पण मला तोंड नाही.

म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे, मित्रांनो. जी माणसं तुम्हाला रोज हसवतात, ती एखाद्या दिवशी मध्येच गप्प झाली, तर पुढच्या विनोदाची वाट बघत बसू नका. त्यांना विचारा, बरं आहे ना? आणि कधी रस्त्यात, दुकानाच्या रांगेत, बसच्या थांब्यावर तुम्हाला एक टकला बुटका माणूस खोकताना दिसला, आणि त्याच्याशेजारी विनोद संपायच्या आत हसणारी एक उंच बाई दिसली, तर जरा थांबा. त्यांना फार काही सांगू नका. एवढंच सांगा, की दादांनी कळवलंय, निरोप पोचला.